ओव्हनचं बटण आत जाऊन बसलंय, अख्खं पॅनलच बदलायला लागेल का?

निवांतदुपार
नमस्कार मंडळी. कपाटात बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन आहे, वॉरंटी कधीच संपली. पॅनलवर दोन बाजूंना दोन गोल नॉब, एक तापमानाचा आणि एक वरची कॉइल, खालची कॉइल, पंखा वगैरे निवडायचा, आणि मधे डिस्प्लेखाली तीन छोटी बटणं, घड्याळ, मायनस आणि प्लस. त्यातलं मायनसचं बटण अर्धवट आत गेलंय आणि बाहेर यायचं नावच घेत नाहीये. डिस्प्लेवरचा आकडा आपोआप खाली खाली पळतो, थोडा वेळ टीं टीं करतो आणि मग ढिम्म. बाकीची दोन बटणं दाबली तरी काही होत नाही. मेन बंद करून चालू केलं की १२:०० लुकलुकतं, वेळ सेट केल्याशिवाय हा ओव्हन तापतच नाही, आणि वेळ सेट होत नाही कारण मायनस सतत दाबलेलंच आहे. म्हणजे दोन्ही नॉब ठणठणीत असून ओव्हन बंद.
दुरुस्तीवाला आला, बाहेरूनच बघितलं, स्क्रूड्रायव्हर खिशातून बाहेर काढलासुद्धा नाही, आणि म्हणाला पूर्ण पॅनल बदलावं लागेल. मला एवढंच कळत नाहीये की एका बोटभर बटणासाठी अख्खं पॅनल का? आणि एक बटण अडकलं तर बाकीची का मरतात?

भोचकभवानी
पहिली शंका, चाइल्ड लॉक लागलेलं नाही ना? डिस्प्लेवर किल्ली किंवा कुलूप दिसतंय का बघ. दुसरं म्हणजे काही ओव्हनमध्ये वीज जाऊन आली की 'ए' किंवा 'ऑटो' लुकलुकत राहतं आणि तोवर तापत नाही, तेव्हा दोन बटणं एकत्र दाबून हाताने चालवायच्या मोडवर आणायचं असतं. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. मॅन्युअल शोध आधी. आणि फोटो टाक.

निवांतदुपार
कुलूप नाहीये, ऑटो पण नाहीये गं. बटण डोळ्यांना आत दिसतंय, बाकीच्या दोनांपेक्षा खाली आहे. नखाने कडेने उचकटलं की किंचित वर येतं आणि परत बसतं.

सोल्डरगन
पॅनल बदला म्हणणारे पुष्कळ भेटतील, आधी अडकलंय कुठे ते शोधा. तीन जागा असतात. एक, वरची प्लास्टिकची टोपी, म्हणजे आपण बोट लावतो ती, ती पॅनलच्या भोकात घासून किंवा चिकटून अडकते. दोन, तिच्या मागे बोर्डावर असलेला छोटा स्विच, ज्याला सगळे टॅक्ट स्विच म्हणतात, त्याची आतली पत्री दबून बसते किंवा आत तेलकट काहीतरी जाऊन तो चालूच राहतो. तीन, स्विच ठीक असतो पण बोर्डाला वाटतं की बटण दाबलंय, ओलाव्यामुळे, एखाद्या बिघडलेल्या कपॅसिटरमुळे किंवा कंट्रोलरमुळे. तिन्ही वेळा बाहेरून लक्षण एकच, पण काम पूर्ण वेगळं. पहिल्यात कापसाची काडी पुरते, दुसऱ्यात नखाएवढा स्विच, तिसऱ्यात बोर्ड.
बाहेरून करायची चाचणी सांगतो. एमसीबी खाली करा, नुसतं भिंतीवरचं बटण नको. मग प्लस दाबून बघा, टक असा आवाज आणि बोटाला झटका जाणवेल. आता मायनस. टक येतोय का? टोपी लाकडी टूथपिकने हलकेच बाहेर ओढून धरली आणि मग दाबल्यावर टक आला तर स्विच बहुधा जिवंत आहे, टोपीच अडकतेय. काहीच झटका नाही, मऊ मऊ लागलं, तर स्विच गेला.
आणि हो, नॉब धड चालतायत तरी तापत नाही हे बरोबरच आहे. या प्रकारात घड्याळाच्या मॉड्यूलमध्ये एक रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, असतो आणि कॉइलकडे जाणारा करंट त्यातूनच जातो. घड्याळाने हो म्हटल्याशिवाय थर्मोस्टॅटपर्यंत काही पोचत नाही.

आळशीसुतार
एवढं कशाला डोकं लावताय, डब्ल्यूडी-४० चा एक फवारा मारा फटीतून, दोनदा दाबा, काम झालं. माझ्या ड्रिलचं बटण असंच सुटलं.

मीटरवाली
सुतारदादा नको. ड्रिल आणि ओव्हन वेगळे. त्यात तेल असतं, सॉल्व्हंट उडून जातं आणि तेलाची साय मागे राहते, तिच्यावर धूळ आणि वाफेतली चिकटाई बसते. आज सुटेल, पुढे जाऊन आणखी घट्ट बसेल. शिवाय फवारा फटीतून कुठे कुठे गेला ते दिसत नाही, मागे मेनचा बोर्ड आहे आणि खालीच गरम दार. त्याच नावाचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो चालेल, पण तोसुद्धा पॅनल उघडल्यावर. बाहेरून करायचं तर ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी नुसती ओलसर करून, थेंब गळता कामा नये. बटणाच्या चारी कडांनी फिरवायची, बटण थोडं थोडं दाबत सोडत, काडी काळी झाली की नवी घ्यायची. ओव्हन पूर्ण गार आणि एमसीबी खाली, कारण अल्कोहोल पेटतं. झाल्यावर वाळू द्या, लगेच करंट देऊ नका.
नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर असलं काही लावू नका, टोपीचं प्लास्टिकच विरघळेल. आणि ओव्हन क्लीनरचा फेस तर पॅनलच्या आसपास पण नको. तो अल्कधर्मी असतो, बऱ्याच डब्यांत कॉस्टिक सोडा असतो, ॲल्युमिनियम खातो आणि छापलेली चिन्हं पण घालवतो. एकंदरच काहीही फवारायचं असेल तर फडक्यावर, पॅनलवर नाही.

आळशीसुतार
बरं बाई. पण बोर्डाचे लाड करण्यापेक्षा त्या घड्याळाच्या रिलेच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या तर? नॉब तर चालतायतच म्हणे. घड्याळ कोणाला हवंय.

सोल्डरगन
हे करणारे आहेत, मला माहितीये. पण त्या वायरीतून दहा अँपिअरच्या वर करंट जातो, पिळून टेप गुंडाळलेला जोड तिथे कोळसा होतो. नीट कनेक्टर लावून केलं तरी वेळ संपली की आपोआप बंद होणं गेलंच. कोणाच्या घरी ते चालवून घेतील माहीत नाही, मी सांगणार नाही. आणि मूळ प्रश्न तसाच राहतो, स्विच आत अडकलेला आणि बोर्ड चोवीस तास किंचाळणारा.

खटपट्या
एक बटण अडकलं की बाकीची का मरतात, हा प्रश्न मला फार आवडला, त्यावर कोणी काही बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, लांबेल.
प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर दिली तर कंट्रोलर चिपचे पाय पुरत नाहीत. म्हणून दोन युक्त्या वापरतात. जास्त बटणं असली की आडव्या आणि उभ्या ओळींची जाळी करतात, चार आडव्या चार उभ्या अशा आठ वायरींत सोळा बटणं बसतात. चिप एकेका ओळीत सिग्नल सोडून बघत जाते की कुठल्या उभ्या ओळीत तो बाहेर येतोय, म्हणजे त्या चौकातलं बटण दाबलंय. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं. आता यात एक बटण कायमचं दाबलेलं असेल तर बहुतेक प्रोग्रॅम एका वेळी एकच बटण मानतात, दुसरं आलं तर दुर्लक्ष. दारावरची बेल कोणी दाबूनच धरली तर मागून आलेल्याने ती वाजवली हे कसं कळणार, तसं. आणि बरेच प्रोग्रॅम काही सेकंद वाट बघून ठरवतात की माणूस इतका वेळ बटण दाबत नसतो, काहीतरी बिघडलंय, आणि मुद्दाम सगळं बंद करतात. ओव्हन आपोआप चालू होण्यापेक्षा अजिबात चालू न होणं बरं. निवांतच्या ओव्हनचं टीं टीं आणि मग ढिम्म म्हणजे बहुधा हेच.
दुसरी युक्ती रेझिस्टरची शिडी. तीन-चार बटणं असली की सगळी एकाच पायावर, प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर, म्हणजे प्रत्येक बटणाला वेगळं व्होल्टेज येतं आणि चिप व्होल्टेज मोजून ओळखते कोण दाबलं. यातला मजेशीर आजार म्हणजे स्विच पूर्ण न चिकटता थोडासा गळतो, मधेच काही किलोओहम दाखवतो, मग व्होल्टेज सरकतं आणि तुम्ही प्लस दाबलं की ओव्हन समजतो घड्याळ दाबलं. लोक म्हणतात बोर्ड वेडा झाला. वेडा वगैरे काही नाही, त्याला चुकीचा आकडा मिळतोय आणि तो प्रामाणिकपणे त्या आकड्याप्रमाणे वागतोय.

भोचकभवानी
खटपट्या, आमच्या वॉशिंग मशीनला हाच आजार होता! एक दाबलं की दुसरंच. पण विषयांतर नको, निवांत काडी फिरवली का?

निवांतदुपार
फिरवली. पहिल्या काड्या चॉकलेटी निघाल्या, शिसारी आली. टोपी आता वर येते आणि वर राहते, बाकीच्या दोनांच्या पातळीत. पण टक नाही. मऊ. प्लसला छान टक आहे. आणि करंट दिला तर आकडा अजून खालीच पळतोय. म्हणजे सोल्डरगन म्हणाले तो दुसरा प्रकार दिसतोय. आता उघडावंच लागेल ना?

सोल्डरगन
हो, टोपी आणि स्विच दोन्ही गेले होते, असं जोडीने जाणं अगदी नेहमीचं आहे. टोपी चिकटली की स्विच कायम दाबलेला राहतो, त्यावर गरम हवा, मग आतली घुमटासारखी पत्री थकते आणि उसळत नाही.
उघडायचं असेल तर नीट वाचा. एमसीबी खाली, आणि घरात कोणी येऊन वर करणार नाही याची सोय. टेस्टरवर विसंबू नका, ओव्हनचा दिवा लागत नाही हे बघा आणि शक्य असेल तर मीटरने टर्मिनलवर शून्य व्होल्ट बघून घ्या. दार आधी काढा, बिजागरीला खटके असतात ते पुढे घेऊन दार अर्धवट मिटत वर उचललं की सुटतं, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. खटके लावल्याशिवाय ओढू नका, बिजागरीची स्प्रिंग बोट तोडेल. दार काढलं की वजन बरंच कमी होतं आणि मधल्या चौकटीत दोन्ही बाजूंना कपाटात घुसवलेले स्क्रू दिसतात. ते काढून ओव्हन पुढे सरकवायचा, दोघं लागतात, एकट्याने नाही. खाली तेवढ्याच उंचीचं टेबल घ्या. काहींमध्ये ओव्हन न काढता पॅनल पुढून सुटतं, स्क्रू दाराच्या वरच्या कडेला खालून असतात, ते आधी बघा.
आता महत्त्वाचं. बटणं छोटी, डिस्प्ले छोटा, म्हणून बोर्ड पाच व्होल्टचा असेल असं धरू नका. असल्या कितीतरी बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटर किंवा साध्या चिपने मेन उतरवून ते पाच व्होल्ट करतात, आणि मग ती पाच व्होल्टची बाजूच मेनला जोडलेली असते. बटणाच्या पायाला हात लागला आणि तुमचा पाय जमिनीला, तर पूर्ण झटका बसतो. म्हणून उघड्या बोर्डावर करंट देऊन काहीही मोजायचं नाही. मोजमाप सगळं बंद अवस्थेत, वायरी काढून, आणि प्लगमधून काढल्यावर सुद्धा थोडं थांबून, कपॅसिटर रिकामे होऊ द्या.

जुनाजाणता
सोल्डरगन यांनी नीट सांगितलं आहे, एक भर घालतो. हे सगळं साध्या इलेक्ट्रिक ओव्हनचं झालं. वाचणाऱ्यांपैकी कोणाचा मायक्रोवेव्ह असेल किंवा मायक्रोवेव्हसह असलेला कॉम्बी ओव्हन, तर त्यांनी कव्हर उघडू नये. आत जो मोठा कपॅसिटर असतो त्यावर दोन हजार व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यानंतरही तो भार राहू शकतो. तिथे बटण वाकडं असेल तर बाहेरून पुसणं एवढंच घरी करावं, पुढचं माहीतगाराकडे.
निवांत, उघडण्याआधी मोबाईलवर प्रत्येक वायरीचा फोटो काढा. चार कोनांतून. नंतर सगळ्या निळ्याच वाटतात.

चहाटळ
मधेच घुसतोय, माफी. माझा बटणांचा नाहीये, सपाट फिल्मचं पॅनल आहे, वर नुसती छापलेली चिन्हं, दाबलं की किंचित टिक होतं. त्यावर एफ आणि पुढे आकडा असा कोड येतो आणि बीप थांबत नाही. नेटवर कोणी म्हणतं बटण चिकटलंय, कोणी म्हणतं सेन्सर. हे पण याच धाग्यात विचारू की वेगळा काढू?

मीटरवाली
इथेच विचारा, सख्खा भाऊ आहे. एफच्या कोडचा अर्थ कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतो, एकीकडे तोच आकडा चिकटलेलं बटण आणि दुसरीकडे तापमानाचा सेन्सर, त्यामुळे तुमच्याच मॉडेलचा तक्ता बघा. बऱ्याच ओव्हनमध्ये पॅनलच्या मागे किंवा तळाच्या ड्रॉवरमध्ये एक घडी केलेला टेक्निकल कागद चिकटवलेला असतो, त्यात कोड आणि सर्किट दोन्ही असतं, लोकांना माहीतच नसतं.
तुमच्याकडचं आहे ते मेम्ब्रेन कीपॅड. वर छापलेली फिल्म, तिच्याखाली चांदीच्या शाईने काढलेल्या रेघांचे दोन थर आणि मधे भोकं पाडलेला थर. बोट दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला लागते. यात ओलावा शिरला किंवा थर दबून चिकटले की ते बटण कायम लागलेलं राहतं. हे उघडून दुरुस्त होत नाही, थर एकमेकांना चिकटवलेले असतात, सोलले की गेले. कीपॅड वेगळा मिळतो का ते बघायचं.
पण त्याआधी ठरवायचं की कीपॅड की बोर्ड. एमसीबी खाली, पॅनल उघडून कीपॅडची चपटी रिबन बोर्डातून काढा, पॅनल परत झाका, आणि मगच करंट देऊन हात न लावता लांबून बघा. कोड गेला तर दोषी कीपॅड. रिबन नसतानाही तोच कोड आला तर दोषी बोर्ड. एवढंच लक्षात ठेवा की काही बोर्ड कीपॅडच नाही म्हणून दुसराच कोड दाखवतात, त्याला घाबरायचं नाही, तोच कोड आला का एवढंच बघायचं.
रिबन मोजायची असेल तर मीटर ओहमवर ठेवा, बीपवर नाही. चांदीच्या शाईच्या रेघेला स्वतःचाच रोध असतो, दाबलेल्या चांगल्या बटणाला सुद्धा काही दहा ते शंभर-दोनशे ओहम येऊ शकतात आणि मीटरची बीप त्याच्या खूप आधीच वाजायची बंद होते. लोक बीप नाही म्हणून चांगलं कीपॅड फेकतात.

निवांतदुपार
मंडळी, उघडला! आमच्यात पॅनल पुढूनच निघालं, ओव्हन कपाटातून काढावा लागला नाही, दार तेवढं काढलं. आणि सगळ्यात पहिली गोष्ट, ते 'पूर्ण पॅनल' म्हणजे नुसती पुढची पट्टी आहे हो. बटणांचा बोर्ड म्हणजे मागे खटक्यांनी अडकवलेली छोटी डबी आहे, घड्याळाचं मॉड्यूल, चार चपट्या वायरी लावलेल्या, ओढल्या की सुटल्या. म्हणजे अगदी काही झालंच नाही तरी पट्टी, काच, नॉब काही बदलायची गरज नव्हती, फक्त ही डबी.
बहीण इलेक्ट्रॉनिक्समधली आहे, तिला बोलावलं. तिने मीटर लावला. प्लस न दाबता लावला तर आकडा चढत चढत गेला आणि वर जाऊन थांबला, ती म्हणाली बाजूला कपॅसिटर आहे तो भरतोय. दाबला की जवळजवळ शून्य. मायनस न दाबताच चार ओहम. म्हणजे पूर्ण चिकटलाय. स्विचच्या मानेभोवती तपकिरी डिंकासारखं काहीतरी. बाकी बोर्ड स्वच्छ.
आता प्रश्न, हा स्विच कुठला म्हणून मागायचा? त्यावर काहीही लिहिलेलं नाहीये.

सोल्डरगन
वा, चार ओहम म्हणजे वाद संपला. तरी बहिणीला सांगा स्विच काढल्यावर तो एकटा मोजायचा आणि बोर्डावरची ती जागा पण मोजायची. क्वचित स्विचच्या जोडीचा छोटा कपॅसिटर शॉर्ट होतो आणि स्विच बिचारा उगाच बदलला जातो.
स्विच बघा, चौकोनी अंग, चार पाय, असणार ६ × ६ मिमी. हा सगळ्यात जास्त खपणारा साचा आहे. पण त्यात उंची वेगवेगळी मिळते, ४.३, ५, ७, ९.५ मिमी अशी, आणि सगळा खेळ तिथे आहे. उंची बोर्डापासून देठाच्या टोकापर्यंत मोजतात, नुसत्या देठाची नाही. जुना काढण्याआधी बाजूच्या चांगल्या स्विचची व्हर्नियरने मोजा, अडकलेल्याची नको, तो दबलेला आहे. या स्विचचा प्रवास साधारण पाव मिलिमीटर असतो. म्हणजे अर्धा मिलिमीटर उंच स्विच लावला तर पॅनल बसवताक्षणी बटण कायमचं दाबलेलं, आणि बुटका लावला तर दाबून दाबून टोपी मोडेल पण स्विच लागणार नाही. देठ गोल की चौकोनी तेही बघा, टोपी त्यात अडकत असेल तर. बोट लावल्यावर किती जोर लागतो ते पण वेगवेगळं असतं, ते थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

खटपट्या
चार पायांबद्दल, दोन दोन पाय आतून जोडलेलेच असतात. मीटर चुकून त्याच जोडीवर लावला तर न दाबता शून्य दाखवतो आणि माणूस चांगल्या स्विचला वाईट ठरवतो. तिरक्या कोपऱ्यांवर लावा, कधी फसत नाही. निवांतच्या बहिणीने प्लसवर ताडून बघितलं म्हणजे तिला हे माहीत आहे, बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

मीटरवाली
उघडलंच आहे तर तिन्ही बदला. तिघांनी वाफ सारखीच खाल्लीये, हा छोटा स्विच साधारण एक लाख दाबांच्या बोलीवर बनवलेला असतो, पण ते कोरड्या हवेतलं गणित आहे.
काढताना बोर्ड एका बाजूचा आहे का बघा, म्हणजे तांबं फक्त खाली, तपकिरी किंवा पिवळट बोर्ड. असल्या बोर्डात भोकाला आतून तांबं नसतं, जोर लावून पाय ओढला की खालची चकती उखडून येते. आधी थोडं नवं सोल्डर घालून जुनं मऊ करायचं, मग विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, शोषायचं, चारही पाय सुटसुटीत हलले की स्विच आपला आपण पडतो. त्याला उचकटायचं नाही.

सोल्डरगन
तिन्ही बदलायच्या बाबतीत माझं मत उलट आहे. चालतंय त्याला हात लावू नये, प्रत्येक सोल्डरिंगला बोर्डाची एक संधी कमी होते. पण एका बाजूचा बोर्ड नसेल आणि हात चांगला असेल तर ठीक.

भोचकभवानी
मला वेगळाच प्रश्न पडलाय. मायनसच का? सगळ्यात जास्त वापर तर प्लसचा आणि घड्याळाचा असणार. बटण पॅनलच्या कुठल्या बाजूला आहे?

निवांतदुपार
अगं हो, बहीण पण तेच म्हणाली. आमच्यात क्रम घड्याळ, मायनस, प्लस असा आहे, मायनस बरोबर मधे. आणि पट्टीच्या आतल्या बाजूला बघितलं तर मधोमध वरपर्यंत तपकिरी ओघळ आहे. दारावरचं रबर बघितलं तर वरच्या बाजूला मधेच चपटं झालंय, एक हूक निघालाय.

सोल्डरगन
भोचकबाईंना सलाम. हेच मूळ आहे आणि हे नाही बघितलं तर नवा स्विच पण याच वाटेने जाणार. रबर जिथे बसकं झालंय तिथून भाजताना वाफ आणि तेलकट हवा वर येते, वर काय आहे, पॅनल. दार लावून कागदाची पट्टी मधे धरा, ओव्हन गार असताना, आणि ओढा. पकडली पाहिजे. सैल निघाली तिथे गळती. बऱ्याच ओव्हनमध्ये तळाच्या बाजूला रबर मुद्दाम नसतंच, हवा आत जायला, ते बघून घाबरू नका. वर आणि दोन्ही कुशींना हवं. हूक सुटला असेल तर परत अडकवा, चपटं झालं असेल तर रबर बदला, हुकांनी बसतं, दोन मिनिटांचं काम.
आणि दुसरं, पॅनल आणि दार यांच्यामध्ये फटीतून ओव्हन बंद केल्यावर पण हवा येत राहते ना? तो थंड करणारा पंखा आहे, आतली गरमी बोर्डापर्यंत पोचू नये म्हणून चालतो. काम झालं की लगेच मेन बंद केलं तर तो पंखा थांबतो आणि सगळी धग वर बोर्डाकडे जाते. पंखा स्वतः थांबेपर्यंत मेन चालू राहू द्यायचं. उघडलंच आहे तर पंख्याच्या पात्यांवरची चिकट धूळ पण काढा.

जुनाजाणता
आपोआप सफाईचा मोड असलेल्या ओव्हनमध्ये हे जास्तच. त्यात आतलं तापमान ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. रबर चपटं झालेलं असताना तो मोड चालवू नये.

निवांतदुपार
झालं! चालू झालाय. बहिणीने एकच बदलला, सोल्डरगन यांच्या बाजूने गेली, बोर्ड एका बाजूचाच निघाला आणि ती म्हणाली बाकीचे दोन मीटरवर उत्तम आहेत. उंची मोजून घेतली, ५ मिमी. टोपी कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवली, भोकाची कड अल्कोहोलने पुसली.
एक गंमत झाली. सगळं बसवल्यावर प्लस अडकल्यासारखं वागायला लागलं! आकडा वर पळायला लागला. परत उघडलं तर डबीचा खालचा एक खटका नीट बसला नव्हता, त्यामुळे बोर्ड तिरका होऊन एका बाजूने टोपीला टेकत होता. खटका टक करून बसवला आणि थांबलं. म्हणजे पाव मिलिमीटरचं म्हणत होतात ते डोळ्यांनी बघितलं. रबर मागवलंय, तोवर हूक परत अडकवलाय, कागद आता पकडतो.
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. आळशीसुतार तुम्हाला पण.

आळशीसुतार
मी काय केलं! बरं झालं माझं ऐकलं नाही.

भोचकभवानी
वाचनखूण साठवली. अजून एक, काचेवरचं टच पॅनल असेल तर? त्यात अडकायला बटणच नाही, तरी आमच्या मावशींचा ओव्हन आपणच चालू-बंद करतो, विशेषतः पुसल्यावर.

खटपट्या
टच पॅनल काचेमागे बोटाचा विद्युतभार ओळखतं, ओल्या फडक्याची पाण्याची साय त्याला बोटच वाटते. पुसून कोरडं करायचं, मग मेन काही मिनिटं बंद ठेवून चालू करायचं, आणि त्या वेळी पॅनलवर हात किंवा फडकं नको. बरीच टच पॅनलं करंट आल्या आल्या बोट नसतानाची पातळी मोजून ठेवतात, तेव्हाच हात असेल तर उलटंच शिकून बसतात. पुसायच्या आधी कुलूप लावायचं, त्याचं चिन्ह असतं. इतकं करून पण होत राहिलं तर काचेला आतून बोर्ड चिकटवलेला असतो तो सुटलाय का बघावं लागेल, मधे हवेची फट आली की संवेदन बिघडतं.

चहाटळ
मीटरवालीताई, रिबन काढून बघितली. तोच कोड, तीच बीप. म्हणजे कीपॅड चांगलं आणि बोर्ड गेला, ना? आणि मी कीपॅडच मागवणार होतो.

मीटरवाली
हो, बोर्ड. पण मागवायच्या आधी एक बघा, रिबनच्या सॉकेटमध्ये हिरवट-पांढरं काही जमलंय का. असेल तर करंट बंद ठेवून अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने घासा, पूर्ण वाळवा आणि परत रिबन न लावता बघा. दोन पिनांमध्ये साचलेला क्षार पण बोर्डाला दाबलेल्या बटणासारखाच वाटतो. त्यानंतरही कोड आला तरच बोर्ड. नवा मागवताना पॅनलचा नाही, बोर्डावरच्या स्टिकरचा पार्ट नंबर द्या. आणि रिबन परत घालताना सॉकेटची छोटी पट्टी आधी वर उचला, रिबन सरळ तळापर्यंत घाला, मग पट्टी खाली दाबा. पट्टी न उचलता ढकलली तर चांदीच्या रेघा खरवडतात आणि मग चांगलं कीपॅड पण जाईल.